नाण्यांचे छायाचित्रण : रंगछटायुक्त व प्रूफ नाण्यांची प्रकाशयोजना

झिलई दिलेल्या ठशांनी, तशाच झिलई दिलेल्या चकतीवर पाडलेल्या संग्राह्य नाण्याला प्रूफ नाणे म्हणतात. त्याचे सपाट क्षेत्र आरशासारखे असते, तर उठावातील आकृती बहुधा दुधी, खरबरीत ठेवलेली असते. मुंबईच्या टांकसाळीतूनही अशी नाणी काढली जातात. रंगछटायुक्त नाणी म्हणजे हवेतील किंवा वेष्टनातील गंधकयुक्त संयुगांमुळे पृष्ठावर रंगीत पटल चढलेली, मुख्यतः चांदीची नाणी.

या रंगांच्या उगमाविषयी मतभेद होते. प्रत्येक रंग वेगळ्या संयुगाचा असावा, असे संग्राहकांत पूर्वी मानले जाई. सिल्व्हर सल्फाइडच्या अतिशय पातळ पटलाच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवरून परतणाऱ्या किरणांच्या व्यतिकरणातून (प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून काही रंग उजळणे व काही मावळणे यातून) ते उद्भवतात, हे स्पष्टीकरण आता अधिक ग्राह्य वाटते. पातळ पटलांवरील रंगांचे वर्णन इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने १६६५ मध्ये केले होते. व्यतिकरणाची कल्पना इंग्रज शास्त्रज्ञ टॉमस यंग याने साधारणपणे १८०१–०२ च्या सुमारास मांडली. पटल जाड होत जाते तसा फिकट पिवळा, तांबूस-जांभळा, निळा, हिरवट असा क्रम दिसतो आणि पुढे काही रंग पुन्हा येतात. क्रम तुटलेला दिसल्यास रंग कृत्रिम असल्याचा संशय घेतला जातो, मात्र एवढ्यावरून निर्णय देणे उचित नाही. अमेरिकेतील मॉर्गन डॉलर (चलनासाठी १८७८–१९०४ व १९२१) हजार-हजारांच्या कापडी पिशव्यांत पडून राहिले. त्यामुळे त्यांतील काहींवर कापडाच्या विणीचा ठसा, तर काहींवर शेजारच्या नाण्याच्या कडेने आखलेली रंगीत चंद्रकोर आढळते.

व्यतिकरणाचा रंग आरशातील प्रतिबिंबाच्या दिशेनेच नीट दिसतो, आणि प्रकाशयोजनेचा सारा प्रश्न येथून सुरू होतो. दिवे बाजूने, तिरपे ठेवले तर प्रूफ नाण्याच्या क्षेत्रावरचा प्रकाश भिंगाला चुकवून निघून जातो. क्षेत्र काळेभोर होते, दुधी आकृती प्रकाश विखुरत असल्याने पांढरी उठून दिसते. रंगहीन प्रूफ नाण्याला ही रीत शोभते. रंगीत प्रूफ नाण्याचा रंग मात्र त्या काळोखात नाहीसा होतो. अशा वेळी भिंग व नाणे यांच्यामध्ये साधी काच ४५ अंशांत धरून बाजूच्या दिव्याचा प्रकाश तिच्यावरून नाण्यावर सरळ खाली पाडतात; तो नाण्यावरून परतून काचेतून भिंगात शिरतो. साधी काच प्रकाशाचा सुमारे दहावा भागच खाली वळवते, म्हणून उद्भासनकाल (कॅमेऱ्यात प्रकाश घेण्याचा वेळ) बराच वाढवावा लागतो आणि कॅमेरा स्टँडवर पक्का बसवावा लागतो. या पद्धतीने उठाव सपाट भासतो, ही तक्रार रास्त आहे. तरीही रंगाची नोंद हाच हेतू असेल तेथे हीच पद्धत अधिक विश्वसनीय होय, आणि उठावासाठी दुसरे छायाचित्र तिरप्या प्रकाशात घेणे इष्ट.

सामान्य पाडणीच्या नाण्याची फिरती चमक ठशावरील सूक्ष्म प्रवाहरेषांतून (पाडताना धातू सरकल्याने उमटणाऱ्या रेषांतून) येते. दिव्यापुढे ट्रेसिंग पेपरचा मोठा पडदा लावल्यास ती विझते. वेष्टनाचे प्लास्टिक स्वतः परावर्तन करते व काचेच्या पद्धतीत ते थेट भिंगात येते. म्हणून शक्य तेथे नाणे वेष्टनाबाहेर, कडेने धरून ठेवावे. करड्या कार्डावरून कॅमेऱ्यातील पांढऱ्या रंगाचा समतोल साधून घ्यावा.