फिरतीची नोकरी, घर आणि शरीरातलं घड्याळ

चाकणच्या वाहनउद्योगात किंवा हिंजवडीच्या आयटीत असणाऱ्यांना जर्मनीची फिरती नवीन नाही. व्हिसा, तिकीट, मीटिंगा सगळं आधी ठरतं. ठरवायचे राहून जातात ते परतल्यानंतरचे तीन-चार दिवस. माणूस घरी आलेला असतो, पण रात्री दोनपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही, मुलांच्या शाळेच्या वेळेला उठवत नाही आणि क्षुल्लक कारणावरून आवाज चढतो. घरच्यांना वाटतं, याचं लक्ष अजून ऑफिसातच आहे. खरं तर त्याचा मेंदू अजून स्टुटगार्टची वेळ पाळत असतो.

हे घड्याळ म्हणजे मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये असलेला सुमारे 20,000 पेशींचा पुंजका. त्याची फेरी 24 तासांपेक्षा किंचित मोठी असते, त्यामुळे ते मागे सरकायला सोपं आणि पुढे ओढायला कठीण जातं. म्हणूनच पश्चिमेला जाताना घड्याळ दिवसाला साधारण दीड तास जुळवून घेतं. पूर्वेला, म्हणजे घरी परतताना, जेमतेम तासभर. जाण्यापेक्षा येणं जड जातं ते यामुळेच.

घड्याळ सरकवण्याचं सर्वांत प्रभावी साधन म्हणजे उजेड. पण तो कधी मिळतो यावर सगळं अवलंबून आहे. शरीराचं तापमान झोपेत एका क्षणी सर्वांत खाली जातं, नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी दोन-तीन तास. रोज साडेसहाला उठणाऱ्याचा हा क्षण चारच्या आसपास येतो. त्याच्या आधीच्या काही तासांत डोळ्यांवर पडलेला उजेड घड्याळ मागे ढकलतो, नंतरचा पुढे ओढतो.

आता दोन आठवड्यांच्या उन्हाळी फिरतीनंतरचा हिशोब करू. तिथले पहाटेचे चार म्हणजे आपले साडेसात. परतल्यावर 'लवकर रुळावर यावं' म्हणून पहिल्याच दिवशी सहाला टेकडीवर फिरायला जाणारे पुष्कळ असतात. तो उजेड साडेसातच्या आधीचा, म्हणजे घड्याळ आणखी मागे, युरोपच्याच दिशेनं जातं. पहिल्या दिवशी आठपर्यंत पडदे ओढून झोपावं आणि आठ ते दहा बाहेर उन्हात काढावेत. दुसऱ्या दिवशी हेच सातपासून, तिसऱ्या दिवशी सहापासून. गॅलरीतला उजेड चालेल, खोलीतला पुरत नाही: घरातल्या दिव्यांखाली 200-300 लक्स (उजेड मोजायचं एकक) मिळतात, तर बाहेर ढगाळ दिवशीही काही हजार. संध्याकाळी दिवे मंद ठेवावेत, दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी, कारण कॅफिनची निम्मी मात्रा पाच तासांनंतरही रक्तात असते. दुपारची डुलकी वीस-पंचवीस मिनिटांची, तीनच्या आत. मेलॅटोनिनच्या, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं सांगणाऱ्या संप्रेरकाच्या गोळ्या उपयोगी पडतात, पण चुकीच्या वेळी घेतल्या तर घड्याळ उलट सरकतं. अपस्मार असणाऱ्यांनी किंवा रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊच नयेत.

मुंबईत उतरल्यावर गाडी स्वतः चालवत पुण्याला येणं हा मात्र सर्वांत मोठा धोका. फ्रँकफर्टहून दुपारी निघालेलं विमान मध्यरात्रीनंतर उतरतं. तिथे सकाळी सहाला उठलेला माणूस पुण्यात चारला पोहोचेपर्यंत साडेअठरा तास जागा असतो. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांनी 1997 मध्ये दाखवलं, की सलग 17 तास जागरणानंतर हात आणि डोळ्यांचा समन्वय रक्तात 0.05 टक्के मद्य असल्यासारखा बिघडतो. आपल्या कायद्यातली मर्यादा 0.03 टक्के आहे. ड्रायव्हरचे पैसे वाचवू नयेत.

तीन-चार दिवसांचीच फिरती असेल तर घड्याळ बदलण्याचा खटाटोपच करू नये. तिथे रात्री साडेआठ-नऊला झोपून पहाटे चारला उठावं. त्या वेळी पुण्यात साडेसात वाजलेले असतात आणि शाळेची बस यायची असते, तेव्हा घरी निवांत व्हिडिओ कॉल होतो. उठताच दिवे लावले की शरीर भारताच्या वेळेलाच धरून राहतं आणि परतल्यावर त्रास जवळपास होत नाही. याची किंमत एकच: सहकाऱ्यांबरोबरचं रात्रीचं जेवण सोडावं लागतं. ते आधीच सांगून ठेवावं, दुपारच्या जेवणाला बसावं.

मुक्काम लांबला तर हाच पहाटेचा कॉल नडतो, घड्याळ तिथल्या वेळेवर येऊच देत नाही. मग पहाट अंधारात काढायची आणि संध्याकाळचा उजेड घ्यायचा. जूनमध्ये तिथे साडेनऊपर्यंत ऊन असतं. घरचा कॉल तिथल्या संध्याकाळी पाचला ठेवावा. पुण्यात साडेआठ, जेवणं उरकलेली, मुलं अजून जागी.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं तासभर मागे जातात आणि साडेतीन तासांचा फरक साडेचारचा होतो. तिथले पाच म्हणजे आता पुण्यात साडेनऊ, मुलं झोपलेली. तेव्हा ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये नोव्हेंबर ते मार्च, दुपारी चार ते साडेचार हा वेळ आधीच अडवून ठेवावा, म्हणजे त्यावर कोणी मीटिंग टाकणार नाही.