साठवलेलं तेल, धावती वीज

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब तेलउत्पादक देशांनी इस्रायलच्या पाठीराख्या देशांचं तेल रोखलं आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. या धक्क्यातून १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था उभी राहिली. तिचा मूळ नियम सरळ होता. तेल आयात करणाऱ्या सदस्य देशाने ९० दिवसांच्या निव्वळ आयातीइतका साठा बाळगायचा आणि टंचाई आली की सगळ्यांनी मिळून तो खुला करायचा. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर दोन टप्प्यांत १८ कोटींहून अधिक पिंपं खुली करण्याचं ठरलं.

विजेला हा नियम लावता येत नाही. मोठ्या बॅटऱ्याही काही तासच निभावून नेतात. ९० दिवसांचा साठा त्यांच्या आवाक्याबाहेरचा. त्यामुळे विजेच्या बाबतीत शेजाऱ्याची मदत लागते ती त्याच क्षणी.

पोर्तुगालपासून पोलंडपर्यंत पसरलेल्या विजेच्या जाळ्यातली मोठी जनित्रं एकाच तालात, ५० हर्ट्झ वारंवारितेवर (सेकंदाला ५० आवर्तनं) चालतात. मागणी अचानक वाढली की ती किंचित मंदावतात. वारंवारिता फार घसरली, तर संरक्षक यंत्रणा एकेक भाग तोडू लागते. जाळं जितकं मोठं, तितका एखादं केंद्र बंद पडल्याचा धक्का विभागला जातो. युक्रेनचं जाळं मात्र सोव्हिएत काळापासून रशिया-बेलारूसशी जोडलेलं होतं. २४ फेब्रुवारी २०२२ ला मध्यरात्रीनंतर ते ठरलेल्या चाचणीसाठी वेगळं केलं आणि काही तासांतच आक्रमण सुरू झालं. परत जोडण्याचा प्रश्नच उरला नाही. युरोपशी २०२३ मध्ये व्हायची जोडणी मग १६ मार्चलाच करण्यात आली, शेजारच्या मोल्दोवासह.

सूर्य-वाऱ्याच्या विजेला अशा शेजाराची गरज आणखी जास्त. जर्मनीत वारा भरपूर असला की १४०० मेगावॉटची समुद्राखालची केबल ती वीज नॉर्वेला पोचवते. नॉर्वे तेवढं पाणी धरणात राखतो आणि वारा पडला की वीज परत पाठवतो. (भाव चढले की हीच केबल नॉर्वेतल्या ग्राहकांना खटकते, हेही खरं.)

खनिजांचं काय? पवनचक्क्यांच्या चुंबकांसाठी वापरल्या जाणाऱ्या दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचं (रेअर अर्थ) शुद्धीकरण बहुतांशी चीनमध्ये होतं, म्हणून ‘एक परावलंबन जाऊन दुसरं आलं’ असं सर्रास म्हटलं जातं. मला ही तुलना पटत नाही. तेल थांबलं की चालती गाडी थांबते. खनिजं थांबली तर नव्या पवनचक्क्या रखडतात, उभ्या असलेल्या फिरतच राहतात.

तारा अपुऱ्या असणं मला जास्त घातक वाटतं. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले, तेव्हा स्पेनमध्ये वीज परत आणायला फ्रान्स आणि मोरोक्कोकडून येणाऱ्या तारांनी हातभार लावला. फ्रान्स-स्पेन देवाणघेवाणीची क्षमता तेव्हा सुमारे २८०० मेगावॉटच होती. बिस्केच्या उपसागरातल्या नव्या केबलने ती ५००० मेगावॉटपर्यंत नेण्याचं काम चालू होतं.