प्लॅटिनमचा क्रोनोग्राफ घेण्याआधी

आमच्याकडे प्लॅटिनमचे घड्याळ, त्यातही क्रोनोग्राफ (बटणाने चालू-बंद होणारा वेगळा सेकंदकाटा असलेले घड्याळ), तपासून घ्यायला आणणारे बरेच ग्राहक सराफ बाजार फिरून आलेले असतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : "तोळ्याला काय भाव धरलाय?" तो हिशेब इथे चालत नाही. गेली कित्येक वर्षे ग्रॅमच्या भावात प्लॅटिनम सोन्यापेक्षा स्वस्त आहे. तरी तेच घड्याळ प्लॅटिनममध्ये घ्यायचे म्हटले की सोन्यापेक्षा जास्त पैसे पडतात.

घड्याळाचे सोने बहुधा 18 कॅरेटचे, म्हणजे 75 टक्के शुद्ध. प्लॅटिनम 95 टक्के, शिवाय मुळातच जड. त्याच मापाची केस, म्हणजे घड्याळाचे कवच, सोन्यापेक्षा साधारण एक तृतीयांशाने जड भरते, स्टीलच्या तर अडीचपट. दुसरे कारण नाशिकच्या अंबड-सातपूरला लेथ चालवणाऱ्यांना समजावून सांगावे लागत नाही : हा धातू चिवट आहे, टूलला चिकटतो, टूल खातो. कडा नीट काढायला वेळ फार जातो.

एवढे करून लांबून ते स्टीलचेच दिसते. लग्नात शेजारी बसलेल्या पाहुण्याला पत्ता लागत नाही. पाहुण्याला कळायला हवे असेल तर पिवळे सोने घ्या, आम्ही थट्टा करत नाही. जाणकारांसाठी कंपन्यांनी खुणा मात्र ठेवल्या आहेत. रोलेक्सची बर्फासारखी फिकट निळी तबकडी फक्त प्लॅटिनमच्या घड्याळाला मिळते. पाटेक फिलिपच्या प्लॅटिनमच्या क्रोनोग्राफला 6 च्या बाजूला, केसच्या कडेत, बारीक हिरा असतो.

आता तुलना. सर्वाधिक विचारणा रोलेक्सच्या डेटोना या क्रोनोग्राफची. प्लॅटिनमची डेटोना 2013 मध्ये, मॉडेलला 50 वर्षे झाली तेव्हा आली. 2023 च्या आवृत्तीत पाठीमागून मशीनही दिसते. आपोआप चावी भरते, 72 तास चालते, 100 मीटरपर्यंत पाण्याला दाद देत नाही. क्रोनोग्राफला मशीनशी जोडणारा हिचा क्लच उभा आहे, मोटारसायकलच्या क्लचप्लेटसारखा एकावर एक दाबून धरणारा. त्यामुळे बटण दाबताच सेकंदकाटा उडी न मारता निघतो. मात्र प्लॅटिनमच्याच पट्ट्यासकट वजन पाव किलोच्या वर जाते. दुकानात पाच मिनिटे घालून काही समजत नाही. निदान तासभर हातात ठेवून सह्या करा, गाडी चालवा, मग ठरवा.

दुसऱ्या टोकाला लांगे उंड झ्योनेचा डाटोग्राफ. जर्मनीतल्या ग्लासह्युटे गावात बनतो. 1999 मध्ये तो प्लॅटिनममध्येच आला आणि भल्याभल्यांना धक्का बसला, कारण तेव्हा पाटेकचे क्रोनोग्राफसुद्धा लेमानिया या दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर बनत होते. पाटेकचे स्वतःचे, हाताने चावी भरायच्या साध्या क्रोनोग्राफचे मशीन 2009 चे. डाटोग्राफ उलटा करून भिंगाखाली धरा. तरफा, स्प्रिंगा, कॉलम व्हील (बटणाचा हुकूम पुढे पोचवणारे खाचांचे चाक), एकेका भागाची कड हाताने घासलेली. क्रोनोग्राफचा मिनिटांचा काटा हळूहळू सरकत नाही, मिनिट भरले की टुणकन पुढच्या रेघेवर बसतो. फ्लायबॅकमुळे चालू काटा एका दाबात शून्यावर जाऊन पुन्हा धावू लागतो. पहिल्या आवृत्तीची चावी 36 तासच पुरे, 2012 पासूनच्या आवृत्तीची 60 तास पुरते. रोज हाताने चावी भरायचा कंटाळा असेल तर हे तुमचे घड्याळ नव्हे. आम्हाला विचाराल तर मशीन पाहण्याच्या सुखात याला तोड नाही.

या दोहोंच्या मधे पाटेकचे 5170 पी : 2017 चे, 39.4 मिलिमीटरचे, निळ्या तबकडीचे, शर्टाच्या बाहीखाली सहज जाणारे. आता ते बनत नाही. मिळेल ते वापरलेलेच. ओमेगाने 2019 मध्ये प्लॅटिनमचा स्पीडमास्टर काढला, अपोलो मोहिमांच्या काळातले 321 मशीन नव्याने घडवून. त्याच्या छोट्या तबकड्या चंद्रावरून आलेल्या अशनीच्या आहेत.

वापरलेले घेताना पॉलिश पाहा. प्लॅटिनमला चरा पडला तर धातू फारसा झिजत नाही, बाजूला सरतो. जाणता कारागीर तो बराचसा जागेवर आणतो. बफ मारला की कडा गोल होतात आणि संग्राहकाच्या लेखी किंमत तिथेच घसरते. म्हणून दागिन्यांबरोबर सराफाकडे पॉलिशला कधीही देऊ नका. डाटोग्राफ आणि 5170 साठी कंपन्या 30 मीटर सांगतात. ते हात धुताना उडणाऱ्या पाण्यापुरते. सिंहस्थात रामकुंडावर जाताना घड्याळ घरी ठेवा. कारखान्यात लोहचुंबकाने काम धरणाऱ्या मॅग्नेटिक चकजवळही नको.

व्यवहाराचे : 2 लाख वा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही. एप्रिल 2025 पासून 10 लाखांवरील घड्याळावर विक्रेता 1 टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळी गोळा करायचा आयकर, किमतीवर वरून घेतो. तो तुमच्या आयकरात वळता होतो, तेव्हा पॅन द्या, पक्के बिल घ्या.

आम्ही घड्याळे विकत नाही, तपासतो. येताना पेटी, कागद आणि पट्ट्याच्या काढलेल्या कड्या आणा. चाल, म्हणजे घड्याळ किती पुढे-मागे पडते ते, आम्ही चावी पूर्ण भरल्यावर आणि 24 तासांनी, क्रोनोग्राफ चालू ठेवून आणि बंद ठेवून, अशी चारदा मोजतो. घड्याळ दोन दिवस आमच्याकडे राहील.