मायनसमधली उजनी आणि आपला एसी

जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल यांनी जाहीर केलं की यापुढच्या एसींचं तापमान २० अंशांच्या खाली आणि २८ च्या वर नेता येणार नाही, असा नियम येतो आहे. त्यावर सोलापुरात जिथे तिथे एकच प्रतिक्रिया ऐकली : "बिल मी भरतो, मग १६ वर ठेवीन नाहीतर १८ वर. सरकारला काय करायचंय?"

या वाक्यात दोन चुका आहेत. एक भौतिकशास्त्राची आणि दुसरी हिशेबाची.

भौतिकशास्त्राची आधी. १६ वर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही. बाहेर ४२ आणि खोलीत ३६ अंश असताना तुम्ही १६ लावा की २४, कॉम्प्रेसर पूर्ण ताकदीनेच पळतो. तो आकडा म्हणजे फक्त "कुठे थांबायचं" ही सूचना. मे महिन्यात स्लॅबखालची खोली १६ ला कधी पोचतच नाही, म्हणून कॉम्प्रेसर थांबतही नाही. एक अंश वर नेला की साधारण ६ टक्के वीज वाचते, असं केंद्र सरकारचा ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. म्हणूनच जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू करताच २४ वर सुरू होतात. हे बऱ्याच जणांच्या लक्षातही आलेलं नाही, कारण रिमोट हातात घेतला की अंगठा आपोआप खालच्या बाणावर जातो.

आता हिशेबाची चूक. आपल्याकडच्या ग्रिडमधल्या (म्हणजे सगळ्या वीजकेंद्रांना जोडणाऱ्या जाळ्यातल्या) एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्याची रक्कम महावितरणच्या बिलात कुठल्याच रकान्यात नसते. बिलात नसलेली आणखी एक गोष्ट आहे, पाणी. त्याकडे पुढे येतो.

पर्यावरणाची काळजी असणारी माणसं आपल्या गावात कमी नाहीत. जिन्यातला दिवा कुणी चालू ठेवला तर हटकून बंद करणारे, चार्जरचं बटण बंद करणारे, लग्नात प्लॅस्टिकचे ग्लास नकोत म्हणून भांडणारे मी पाहिले आहेत आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. पण ही काळजी चुकीच्या जागी खर्च होते. संशोधक शहजीन अत्तारी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या ५०५ जणांना विचारलं की वीज वाचवायची तर काय कराल. सगळ्यात जास्त उत्तरं 'दिवे बंद करू' या जातीची आली. वेगवेगळी उपकरणं किती वीज खातात याचा लोकांचा अंदाज सरासरीने खऱ्या आकड्याच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाइतकाच होता, आणि मोठ्या उपकरणांच्या बाबतीत तो जास्तच चुकला. आपल्या घरातलं गणित मांडून पाहा. दीड टनाचा एसी भर उन्हाळ्यात तासाला सव्वा-दीड युनिट घेतो. तेवढ्यात ९ वॉटचा एलईडी दिवा सहा दिवस, सहा रात्री अखंड जळेल.

जर्मनीत हजारावर लोकांचा असाच अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये छापून आला. स्वतःला पर्यावरणवादी मानणारी माणसं छोट्या छोट्या सवयींत खरंच काटकसरी निघाली. पण त्यांचा एकूण ऊर्जावापर त्यांच्या मूल्यांपेक्षा त्यांच्या उत्पन्नावर ठरत होता. मूल्यं खोटी नव्हती, ती मीटरपर्यंत पोचत नव्हती.

मला वाटतं सोलापूरकरांसाठी ही मूल्यं मीटरपर्यंत पोचवायची सगळ्यात सरळ वाट म्हणजे गारवा. आणि गारव्याच्या मुळाशी जी गोष्ट आहे ती मला भौतिकशास्त्रातल्या सगळ्यात सुंदर गोष्टींपैकी एक वाटते, म्हणून तिच्यासाठी जरा जास्त जागा घेतो.

पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यातले जे जास्त वेगवान, तेच ही पकड सोडवून हवेत निसटतात. मागे उरतात ते मंद रेणू, म्हणजेच थंड पाणी. एक लिटर पाणी असं निसटून जायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. तेच एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला लागतात फक्त ४.२. एवढी प्रचंड उष्णता पाणी आजूबाजूच्या हवेतूनच घेतं. १० बाय १२ च्या चार-पाच खोल्या भरतील इतकी हवा १३ अंशांनी गार करायला एक लिटर पुरतं. माठ, वाळ्याचा पडदा, अंगावरचा घाम आणि कूलर, सगळे याच तत्त्वावर चालतात.

पण हवा किती गार होईल याला एक तळ असतो. साध्या तापमापीच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळा, त्याचं टोक पाण्याच्या वाटीत सोडा आणि समोर पंखा लावा. पारा भराभर उतरतो, मग हळू होतो आणि एका जागी थबकतो. का थबकतो? फुगा जसजसा गार होतो तसतशी भोवतालच्या गरम हवेतून जास्त उष्णता त्याच्याकडे धावते. त्याच वेळी गार पाण्यातून निसटणारे रेणू कमी होतात. येणारी आणि जाणारी उष्णता जिथे बरोबर होते तिथे पारा थांबतो. हे वेट बल्ब तापमान. पंख्याचा वेग कितीही वाढवा, पारा त्याखाली जात नाही.

मे महिन्यातली दुपार घेऊ. तापमान ४२, सापेक्ष आर्द्रता २० टक्के. वेट बल्ब येतं २४ च्या आसपास. म्हणजे पाण्याला खेळायला १८ अंशांची जागा आहे. बऱ्या पॅडचा कूलर त्यातले पाऊण भाग अंतर कापतो, म्हणजे साडेतेरा अंश. बाहेर पडणारी हवा साडेअठ्ठावीसची.

आता जुलैतला ढगाळ दिवस. तापमान ३२, आर्द्रता ७० टक्के. वेट बल्ब साडेसत्तावीस. खेळायला जागा उरली साडेचार अंश. त्यातले पाऊण कापले तरी कूलरमधून येणारी हवा पुन्हा साडेअठ्ठावीसच्याच जवळपास! थर्मामीटरला दोन्ही हवा सारख्या. पण मेमधली ती हवा ७० टक्के आर्द्रतेची असते आणि जुलैतली ९० च्या वरची. पहिलीत घाम वाळतो, दुसरीत तो कातडीवर तसाच राहतो. कूलर पावसाळ्यात 'चिकचिक' करतो अशी जी तक्रार असते तिचं कारण हे आहे, त्यात कूलरच्या कंपनीचा दोष नाही.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते, जिच्यात निम्मी घरं चुकतात. कूलर लावून दारं-खिडक्या बंद करायच्या नाहीत. बंद खोलीत तो स्वतःचीच ओली हवा पुन्हा पुन्हा ओढतो, आर्द्रता चढत जाते आणि तासाभरात मेचा जुलै होतो. कूलर खिडकीबाहेर, समोरची खिडकी उघडी, असंच हवं. पॅडवर बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार चढले असतील तर पाणी पॅडभर पसरत नाही, कोरड्या पट्ट्यांमधून गरम हवा तशीच आत येते. म्हणून पॅड दर हंगामाला बदलावं आणि टाकीतलं पाणी अधूनमधून पूर्ण सांडावं. सांडलेलं पाणी झाडांना घालता येतं, क्षार फार नसतील तर.

सोलापूरचा उन्हाळा कोरडा आहे हे आपलं नशीब आहे. मुंबईकराला ही सोय नाही. १५०-२०० वॉटचा कूलर इथे एप्रिल-मेमध्ये दीड हजार वॉटच्या एसीचं बरंचसं काम करतो.

इथे कुणीही सोलापूरकर विचारेल : वीज वाचली, पण पाणी? नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात कूलरच्या टाकीत पाणी ओतायचं? प्रश्न अगदी बरोबर आहे. मेच्या दुपारी घरगुती कूलर तासाला ५ ते ८ लिटर पाणी उडवतो. रात्रभरात बादल्याच होतात त्याच्या.

पण एसीही पाणी पितो, फक्त आपल्यासमोर पीत नाही. औष्णिक वीजकेंद्रात टर्बाइनमधून निघालेली वाफ पुन्हा पाण्यात बदलावी लागते आणि त्यातली उष्णता कूलिंग टॉवरमध्ये हवेत सोडली जाते. कशी? पाणी उडवूनच. तो मनोरा म्हणजे एक अजस्र कूलर. सरकारी नियमानुसार जुन्या केंद्रांना एका युनिटमागे साडेतीन लिटर आणि नव्यांना तीन लिटर पाण्याची मर्यादा आहे. तासाला दीड युनिटवाला एसी म्हणजे साडेचार-पाच लिटर, वर तारांमधली गळती वेगळी. दक्षिण सोलापुरातल्या एनटीपीसीच्या १३२० मेगावॉट केंद्राला पाणी येतं ते उजनी धरणातूनच. ग्रिडमध्ये सगळीकडची वीज एकत्र होते, त्यामुळे माझ्या एसीतली वीज नेमकी तिथलीच असं म्हणता येत नाही. पण २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी मायनस ६० टक्क्यांच्या जवळ गेली, म्हणजे वापरायचा साठा संपून तळाच्या मृत साठ्यालाही हात लागला, तेव्हा तिच्यावर शहर, शेती, कारखाने आणि वीज असे सगळेच अवलंबून होते. कूलर एसीपेक्षा थोडं जास्त पाणी घेतो, पण कोळसा सातपट-आठपट कमी जाळतो. दोन्ही बाजू ताजव्यात घालून माझा कौल कूलरला आहे. घरात आजारी किंवा फार वयस्कर माणूस असेल तर मात्र एसी लावायचा, २६-२७ वर, सोबत पंखा, आणि मनात अपराधीपणा ठेवायचा नाही.

त्याआधी सूर्यच आत येऊ न देणं सगळ्यात स्वस्त. जुन्या माळवदाच्या घरांना हे जमायचं. जाड मातीचं छत दुपारची उष्णता आत पोचेपर्यंत संध्याकाळ करायचं. सिमेंटच्या स्लॅबला निदान पांढरा चुना मारता येतो.

एक इशारा. 'सॉकेटला लावा, बिल निम्मं करा' म्हणून जे डबे विकले जातात त्यांत बहुधा एक कपॅसिटर असतो. घरगुती मीटर प्रत्यक्ष वापरलेली युनिटं मोजतो आणि ती या डब्याने कमी होत नाहीत. बोटभर पंखा लावलेला टेबलावरचा 'मिनी एसी' हाही कूलरच, ओंजळभर पाण्याचा. त्याने खोली गार होणार नाही.

राहतो प्रश्न, माणसं बदलतात कशाने. कॅलिफोर्नियात २००८ मध्ये छापलेल्या अभ्यासात लोकांनी वीज वाचवण्याची कारणं सांगितली : पर्यावरण, समाज, पैसा. शेजारी काय करतात हे कारण त्यांनी सगळ्यात शेवटी ठेवलं. प्रत्यक्षात त्यांच्या वागण्याशी सगळ्यात घट्ट नातं त्याचंच निघालं. त्याआधी २००७ मध्ये छापलेल्या अभ्यासात तिथल्याच सॅन मार्कोस गावातल्या सुमारे २९० घरांना त्यांचा वापर आणि परिसराची सरासरी कळवली गेली. जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला, पण कमी वापरणारे वाढवून बसले. मग ज्यांच्या चिठ्ठीवर सरासरीसोबत एक हसरा चेहरा काढला होता, त्या काटकसरी घरांनी वापर वाढवला नाही.

महावितरणच्या बिलावर आपल्या मागच्या महिन्यांचा आलेख असतोच. त्याच्या शेजारी आपल्या पेठेची सरासरी छापायला फार शाई लागणार नाही, आणि कमी वापरणाऱ्यासाठी तो हसरा चेहराही. हवामानाच्या बातमीत कमाल तापमानाबरोबर वेट बल्बचा आकडा दिला, तर आज कूलर पुरेल की नाही हे सकाळीच कळेल. या दोन्ही मागण्या मी लेखी पाठवणार आहे. तुम्हीही पाठवा.