भरती-ओहोटी

समुद्राच्या पाण्याची पातळी ठरावीक वेळाने चढते आणि उतरते. चढण्याला भरती आणि उतरण्याला ओहोटी म्हणतात. कोकणात ओहोटीला 'सुकती' असाही शब्द आहे. आपल्या किनाऱ्यावर साधारण २४ तास ५० मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. वरची पन्नास मिनिटे चंद्राच्या खात्यातली. पृथ्वीची स्वतःभोवतीची फेरी पुरी होईपर्यंत चंद्र आपल्या कक्षेत थोडा पुढे सरकलेला असतो, आणि त्याला गाठायला पृथ्वीला तेवढे जास्त फिरावे लागते. म्हणून आज दुपारी दोनला भरती असेल तर उद्या ती तीनच्या सुमारास असते.

चंद्र पाणी वर ओढतो म्हणून भरती येते, असे सर्रास सांगितले जाते. एवढेच कारण असते तर चंद्रासमोरच्या बाजूला एकदाच भरती आली असती. पृथ्वीच्या जवळच्या बाजूवर चंद्राची ओढ मध्यापेक्षा किंचित जास्त असते आणि पलीकडच्या बाजूवर किंचित कमी. या फरकामुळे पाणी दोन्ही बाजूंना फुगते. न्यूटनने १६८७ मध्ये हे गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबात बसवले. सूर्याची पृथ्वीवरची एकूण ओढ चंद्राच्या कितीतरी पट, पण तो इतका लांब आहे की पृथ्वीच्या दोन बाजूंवरच्या ओढीत फारसा फरक पडत नाही. त्यामुळे भरतीच्या कामात सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहूनही कमी भरतो.

पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत पृथ्वीभोवतीचे पाणी अंड्यासारखे दाखवतात. समजायला ती ठीक आहे, पण खऱ्या समुद्रात मध्ये खंड आडवे येतात, तळ उथळ होतो, आणि भरती लांबलचक लाटेसारखी किनाऱ्याकिनाऱ्याने फिरते. म्हणून एकाच चंद्राखाली कोचीला पाणी मीटरभरही चढत नाही, गोव्यात जेमतेम दोन मीटर, मुंबईत उधाणाला साडेतीन-चार मीटर, तर भावनगरकडे दहा मीटरच्या पुढे. खंबायतचे आखात नरसाळ्यासारखे आहे. आत शिरलेले पाणी अरुंद आणि उथळ होत जाणाऱ्या जागेत कोंडते आणि वर चढते. कॅनडाच्या फंडीच्या उपसागरात हाच प्रकार सोळा मीटरपर्यंत जातो. भूमध्य समुद्रात मात्र भरती जवळपास जाणवतच नाही. त्यामुळे त्या समुद्राची सवय असलेल्या, आणि इसवी सनपूर्व ३२५ मध्ये सिंधूच्या मुखाशी पोहोचलेल्या अलेक्झांडरच्या लोकांची, पाणी ओसरून नावा चिखलात बसल्या तेव्हा चांगलीच तारांबळ उडाली.

अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी साधारण एका रेषेत येतात, दोघांचे जोर एकवटतात आणि मोठी भरती येते. हे उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघांचे जोर काटकोनात असतात, भरती लहान आणि ओहोटीही लहान. तिला भांगाची भरती म्हणतात. उधाणाचा अर्थ फक्त पाणी जास्त चढणे असा घेतला जातो, पण त्या दिवशी ते उतरतेही जास्त. खडकांवरची कालवे काढायला किंवा खाडीत तिसऱ्या वेचायला जाणाऱ्या बायका उधाणाचीच सुकती धरतात, कारण एरवी पाण्याखाली राहणारा पट्टा तेव्हाच उघडा पडतो. मुंबईकडे सर्वात मोठे उधाण अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येते.

भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा तोंडी हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. त्यात सव्वासहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. कॅलेंडरच्या चौकोनातली तिथी बघून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जाता येईल की नाही हे यावरून ठरवता येते. हिशेब का जमतो हेही सोपे आहे. एका तिथीत चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे जातो आणि बारा अंश म्हणजे ४८ मिनिटे. आपण पाऊण तास धरतो. तिथीमागे तीन मिनिटे गळतात, ती पंधरवड्यात पाऊण तास होतात. म्हणून पौर्णिमेला गणित सव्वाअकरा सांगते आणि पाणी बाराच्या आसपास भरते. सूत्र मुंबई आणि आसपासच्या किनाऱ्याचे आहे. इतरत्र भरती वेगळ्या वेळी पोहोचते, आणि मुंबईतही तासभर इकडेतिकडे होतेच. होडी काढायला एवढे पुरते, बंदरात मोठे जहाज आणायला नाही. त्यासाठी भरतीमापकाच्या नोंदींवरून तयार केलेली कोष्टके लागतात. मुंबईत अपोलो बंदरावर अशा नोंदी १८७८ पासून आहेत.

कोळ्यांची डोल भरतीच्या ओढीवरच चालते. पिशवीसारखे हे जाळे खुंटांना बांधून प्रवाहाच्या तोंडाशी पसरतात, आणि पाणी वाहताना बोंबील, जवळा आपोआप आत येतो. पाणी थबकले की जाळे उचलायचे. भांगाच्या दिवसांत प्रवाह मंद, म्हणून मासळीही बेताची.

मुंबईत पावसाळ्यातली मोठी उधाणे दिवसा येतात आणि हिवाळ्यातली रात्री. हिवाळ्यात म्हणूनच कोणाचे लक्ष जात नाही. पावसाळ्यात मात्र भरती चढली की पर्जन्यवाहिन्यांची तोंडे समुद्रपातळीखाली जातात आणि पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दुपारी समुद्राला भरती होती. पाऊस विक्रमी होताच, पण पाणी तुंबायला या वेळेचाही हातभार लागला.

भरतीच्या घर्षणाने पृथ्वीचे फिरणे मंदावते. दिवस शतकाला दोनेक मिलिसेकंदांनी लांबतो आणि चंद्र वर्षाला सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर जातो. अपोलो मोहिमांनी चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेसरचा झोत टाकून हे अंतर मोजतात.

गोव्यात खाडीकाठी बांध घालून केलेल्या खाजण शेतीत भरतीला आवर घालणारी यंत्रणा लाकडी दारांची आहे. खाडीकाठच्या बांधात 'मानस' नावाचे दार बसवलेले असते. त्याच्या झडपा खाडीच्या बाजूलाच उघडतात. भरती चढू लागली की बाहेरचे पाणीच झडपांना दाबून बंद करते आणि खारे पाणी शेतात शिरत नाही; ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आत साठलेले पाणी त्यांना ढकलून निघून जाते. दिवसातून दोनदा हे आपोआप घडते. या वाहत्या पाण्याच्या तोंडावर जाळे लावून मासळीही धरतात.