डाव कधी घोषित करायचा?

शाळकरी मुलांना जिंकायला शिकवायचं की खेळायला, हा वाद मुंबईत कुठल्या तरी अचाट धावसंख्येवरूनच पेटतो. त्याची मुळं हॅरिस शिल्डपर्यंत जातात. १८९० ते १८९५ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड हॅरिस यांच्या नावाची ही आंतरशालेय स्पर्धा. तिच्या जोडीला आणखी लहान मुलांसाठी गाइल्स शिल्ड. निवड समितीच्या नजरेत भरायचं तर मोठी खेळी हवी. त्यामुळे शतक झाल्यावर नव्याने गार्ड घेऊन पुन्हा शून्यापासून सुरुवात करायची, हे इथल्या मुलांच्या अंगात भिनलं. मुंबईचा खडूसपणा म्हणतात तो हाच.

फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान. हॅरिस शिल्डच्या उपांत्य सामन्यात सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४. हे आकडे सगळ्यांना पाठ आहेत. पण ही भागीदारी गुरूचा निरोप कानाआड करून झाली होती, हे फारसं बोललं जात नाही. रमाकांत आचरेकर सर मैदानावर नव्हते आणि गडी शिल्लक असले तरी डाव केव्हाच घोषित करून थांबवायला हवा, असं त्यांचं मत होतं. त्यांचे सहायक सीमारेषेवरून खुणा करत राहिले, मुलांनी तिकडे बघायचंच टाळलं. अखेर सरांशी फोनवर बोलणं झालं, तेव्हा कुठे सचिन-विनोदच्या शारदाश्रम शाळेचा डाव २ बाद ७४८ वर थांबला. समोर सेंट झेवियर्सचा संघ होता. त्यांचा लेगस्पिनर साईराज बहुतुले त्या दिवशी विकेटविना राहिला, पण पुढे भारताकडून खेळला. त्याच्याबरोबर उन्हात चेंडू आणत राहिलेल्या बाकीच्या पोरांचं क्रिकेट पुढे किती टिकलं, याची नोंद कोणत्याही धावफलकात नसते. मला तीच नोंद महत्त्वाची वाटते.

आचरेकर सरांना जिंकण्याचं वावडं होतं असं मुळीच नाही. पण त्यांच्यासाठी सामना हाच सराव होता. सचिनला स्कूटरवर बसवून ते एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर खेळायला नेत. एकदा स्वतःचा सामना चुकवून तो शाळेच्या मोठ्या संघाचा सामना बघायला गेला, तेव्हा सरांनी त्याला चांगलंच सुनावलं: दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवू नकोस, लोक तुझ्यासाठी वाजवतील असं खेळ.

जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला मात्र तोल पार सुटला. प्रणव धनावडेने भंडारी चषक या आंतरशालेय स्पर्धेत ३२३ चेंडूंत नाबाद १००९ धावा केल्या. १८९९ मधला ए. ई. जे. कॉलिन्सचा नाबाद ६२८ चा विक्रम मोडला. संघाचा डाव ३ बाद १४६५ वर घोषित झाला आणि प्रतिस्पर्धी ३१ व ५२ धावांत गारद झाले. प्रणवचं कौतुक रास्तच होतं, १५ वर्षांच्या मुलाने खेळायचं थांबवावं अशी अपेक्षा कुणी करू नये. थांबवण्याची जबाबदारी मोठ्यांची होती. एक डाव आणि १३८२ धावांच्या त्या विजयातून दोन्हीकडच्या मुलांना काय शिकायला मिळालं?

नियमांतून उत्तर शोधण्याचे प्रयत्न याच सुमारास होत होते. शालेय सामन्यात अकरापेक्षा जास्त मुलांना खेळू द्यावं, अशी सूचना सचिननेच मुंबई क्रिकेट संघटनेकडे केली होती. डिसेंबर २०१५ मध्ये बीसीसीआयच्या पतौडी स्मृती व्याख्यानात राहुल द्रविडने वयचोरीचं दुखणं मांडलं: वय लपवलेला मुलगा गुणवत्तेपेक्षा अंगापिंडाच्या जोरावर पुढे जातो आणि प्रामाणिक मुलगा खेळावरून मन काढून घेतो. पुढच्याच वर्षी बीसीसीआयने १९ वर्षांखालील विश्वचषक एका खेळाडूला एकदाच खेळता येईल असं ठरवलं.

स्वतः द्रविड तरुणपणी दौऱ्यांवर गेला की बाहेर बसण्याची वेळ यायची. वर्षभर सातशे-आठशे धावा करून संघात यायचं आणि एकही सामना न खेळता परतायचं, मग पुढच्या मोसमात पुन्हा तेवढ्याच धावा जमवायच्या. प्रशिक्षक झाल्यावर त्याने भारत ‘अ’ या राष्ट्रीय संघाखालच्या फळीच्या संघातल्या मुलांना आधीच सांगून टाकलं की माझ्याबरोबर दौऱ्यावर आलात तर सामना खेळल्याशिवाय घरी जाणार नाही.