‘बी’ कावीळ आणि ती ‘नवी आरएनए टेस्ट’ : रक्त द्यायच्या आधी एवढं वाचा

हल्ली आठवड्याला एखादा तरी माणूस आमच्या रक्ततपासणीच्या लॅबच्या काउंटरवर मोबाइल पुढे करतो. मेसेज साधारण एकच : हिपॅटायटिस बी आता रक्तातल्या आरएनएवरून कळतो, जुन्या टेस्ट निकामी. “करता काय हो ही तुमच्याकडे?”

नाही करत. का ते सकाळच्या गर्दीत प्रत्येकाला उभ्याउभ्या सांगणं जमत नाही, म्हणून हा कागद.

कावीळ नेमकी कुठली?

कावीळ हे लक्षण आहे, आजार नव्हे. पाणी बिघडून होते ती बहुतेक ए किंवा ई विषाणूची, आणि ती सहसा आपली आपण बरी होते (गरोदर बाईला मात्र ई धोक्याची). बी पसरतो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. होडीवर एकाच तांब्याने पाणी प्यायल्याने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही. भीती बाळगायची ती जत्रेतल्या गोंदणाच्या सुईची आणि घरातल्या सामाईक ब्लेडची, कारण हा विषाणू शरीराबाहेर निदान 7 दिवस तग धरतो. पुष्कळांचे डोळे पिवळे होतच नाहीत. ज्यांचे होतात ते गळ्यात माळ घालून कावीळ उतरवून घेतात. पिवळेपणा उतरतो, विषाणू राहिला की गेला ते माळेला कळत नाही.

मग हे आरएनए काय आहे?

डीएनए म्हणजे तलाठ्याकडचं मूळ दप्तर समजा, आणि आरएनए म्हणजे त्यातून काढलेली नक्कल. काही नकलांवरून प्रथिनं बनतात. बाकीच्यांवरून काही बनत नाही, पण त्यातल्या कित्येक दुसऱ्या नकलांवर नजर ठेवतात : कुठली चालू द्यायची, कुठली दाबायची. हे नॉन-कोडिंग आरएनए. त्यातले अगदी छोटे, जेमतेम 22 अक्षरांचे, ते मायक्रो आरएनए. 1993 साली ते एका बारीकशा कृमीत सापडले आणि त्यासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना 2024 चं नोबेल मिळालं. म्हणजे मेसेजमागचं शास्त्र थापेबाजी नाही.

यकृतात मिर-122 नावाचा मायक्रो आरएनए इतका भरलेला असतो की तिथल्या एकूण मायक्रो आरएनएपैकी सुमारे 70 टक्के तोच. यकृताच्या पेशी फुटल्या की तो रक्तात उतरतो आणि मोजता येतो. अडचण पुढे आहे. यकृत दुखावलंय एवढं तो सांगतो, कुणी दुखावलं ते सांगत नाही. दारूने वाढतो, फॅटी लिव्हरने वाढतो, पॅरासिटामॉल जास्त झाली तरी वाढतो. याउलट जुन्या टेस्टमध्ये शोधतात ते एचबीएसएजी हे बी विषाणूच्या स्वतःच्या आवरणाचं प्रथिन : चोराची चप्पलच ओटीवर सापडावी तसं. जुने डॉक्टर चिठ्ठीवर अजून ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ लिहितात, ते हेच. अमेरिकन शास्त्रज्ञ बरूच ब्लुमबर्ग यांना ते एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात सापडलं, म्हणून ते नाव.

दुसरी अडचण आमच्या रोजच्या कामातली. रक्त घेताना सुई अडखळली, ट्यूब जोरात हलवली, किंवा दापोलीहून निघालेला नमुन्यांचा डबा खेडपर्यंतच्या वळणांवर हिंदकळला, की तांबड्या पेशी फुटतात. ट्यूबमध्ये रक्तावर सुटणारं पाणी (सिरम) गवती पिवळं दिसायचं ते कोकम सरबतासारखं दिसतं. त्या पेशींतले मिर-451 आणि मिर-16 हे मायक्रो आरएनए त्यात सांडतात आणि मायक्रो आरएनएचा आकडा बिघडतो. शिवाय किती म्हणजे जास्त, याचं सर्वांनी मान्य केलेलं मापच अजून ठरलेलं नाही. माप नसलेल्या टेस्टचे पैसे घेणं आम्हाला बरं वाटत नाही.

संशोधनात मात्र या रेणूंकडे आशेने पाहतात, विशेषतः जुनाट बी असलेल्यांपैकी कुणाचं यकृत कॅन्सरकडे झुकतंय हे आधी ओळखण्यासाठी. आणि डॉक्टरांनी ‘एचबीव्ही आरएनए’ (एचबीव्ही म्हणजे हिपॅटायटिस बी विषाणू) लिहिलं असेल तर ती टेस्ट वेगळी : तो विषाणूचा स्वतःचा आरएनए. मेसेजवाले दोन्हींची खिचडी करतात.

आमच्याकडे काय करायचं?

आधी एचबीएसएजी. उपाशीपोटी यायची गरज नाही. पॉझिटिव्ह आली तर घाबरून मुंबई गाठू नका. मोठ्या माणसाला झालेला बी 100 पैकी 95 जणांत शरीर स्वतःच हटवतं. 6 महिन्यांनंतरही पॉझिटिव्हच असेल तर जुनाट म्हणायचा. तान्हेपणी झाला तर उलट, 10 पैकी 9 जणांत तो मुक्काम ठोकतो. म्हणून जन्मल्यापासून 24 तासांत लस. पुढे एचबीव्ही डीएनए (रक्तात विषाणू किती ते), एसजीपीटी (यकृत किती दुखावलंय ते), सोनोग्राफी हे डॉक्टर ठरवतील, आणि सरकारच्या राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात उपचार मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात विचारा.

लस नुकतीच घेतली असेल तर टोचून घ्यायच्या आधी सांगा. मध्ये गल्फच्या मेडिकलआधी खात्री करायला एक मुलगा आला. टेस्ट हलकीशी पॉझिटिव्ह, आईच्या डोळ्यांत पाणी. विचारलं तेव्हा कळलं, आठवड्यापूर्वी लस टोचली होती. लसीत तेच प्रथिन असतं, ते अडीच आठवड्यांपर्यंत रक्तात दिसू शकतं. महिन्याने पुन्हा केली, निगेटिव्ह.

घरात कुणी पॉझिटिव्ह असेल तर बाकीच्यांची तपासणी करा आणि निगेटिव्ह असतील त्यांना लस द्या : 0, 1 आणि 6 महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस (लसीने रक्तात तयार होणारी प्रतिपिंडं) 10 किंवा वर आलं म्हणजे लस लागली.

रिपोर्ट बंद पाकिटात, ज्याचा त्याच्याच हातात. फोनवर सांगत नाही, आणि शेजारी “जाताजाता मी नेतो” म्हणाला तरी देत नाही. वाडीत सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणूनच.